सरकारी पैशातून झालेलं संशोधन आपल्याला वाचता का येत नाही?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्या पैशातून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स (शोधनिबंध छापणारी नियतकालिकं) ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना वाचायला मिळतात. बातमी वाचून अनेकांचा असा समज झाला की भारतात आता संशोधन सगळ्यांना खुलं झालं.

तसं झालेलं नाही. सांगोल्यात डाळिंबबागांना सल्ला देणारा एखादा कृषी पदवीधर घ्या. बागेवर तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग आला आहे, त्या जिवाणूवर कुठलं औषध चालत नाही याचा एक ताजा शोधनिबंध त्याला गुगलवर सापडतो. काम सरकारी प्रयोगशाळेत झालेलं, पैसे सरकारी, नमुने याच भागातल्या बागांमधले. पानावर शीर्षक आणि आठ-दहा ओळींचा गोषवारा दिसतो, आणि खाली किंमत: साधारण ३० ते ४० डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, एका निबंधाला. पैसे भरल्याशिवाय मजकूर न दाखवण्याच्या या व्यवस्थेला ‘पेवॉल’ म्हणतात. तो पदवीधर कुठल्याही सरकारी संस्थेत नाही, त्यामुळे ६,००० कोटींच्या योजनेनंतरही त्याच्यासाठी काहीच बदललेलं नाही.

असं का होतं, यावर उपाय काय आणि तो भारतात कुठे अडला आहे, ते क्रमाने पाहू.

## शोधनिबंध तयार होताना पैसे कोण देतं?

संशोधन सुरू होतं अनुदानापासून. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर (औद्योगिक संशोधन), आयसीएआर (शेती), आयसीएमआर (वैद्यक) या संस्था सरकारी तिजोरीतून पैसे देतात. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा साधारण ३६ टक्के. उरलेला बहुतेक पैसा या ना त्या वाटेने आपल्या करांमधून आलेला.

या पैशातून उपकरणं येतात, रसायनं येतात, विद्यार्थ्यांना पाठ्यवृत्ती मिळते. काम संपलं की संशोधक निबंध लिहून जर्नलकडे पाठवतो. जर्नलचा संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे तपासायला देतो. ही तपासणी म्हणजे ‘पिअर रिव्ह्यू’. तपासणारे तज्ज्ञही बहुतेक प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञच असतात आणि या कामाचे त्यांना सहसा पैसे मिळत नाहीत. लेखकालाही जर्नल मानधन देत नाही. दुरुस्त्या होतात, निबंध स्वीकारला जातो आणि लेखकापुढे एक फॉर्म येतो: या निबंधाचे हक्क मी प्रकाशकाला देत आहे. लेखक सही करतो, कारण सही केल्याशिवाय निबंध छापला जात नाही, आणि छापला नाही तर बढती आणि पुढचं अनुदान दोन्ही अडतं.

दूध संघाशी तुलना करून पाहा. शेतकऱ्याने दूध फुकट घातलं, फॅट तपासायलाही शेतकरीच फुकट बसले, संघाने ते पिशवीत भरलं आणि घरी चहाला दूध हवं तर शेतकऱ्याने तीच पिशवी संघाच्या दराने विकत घ्यायची. इतका उलटा व्यवहार कुठलंही गाव चालू देणार नाही.

पिशवी भरण्याचं काम खोटं नाही, हेही सांगायला हवं. निबंधांची ये-जा सांभाळणं, भाषा आणि आकृत्या नीट करणं, मांडणी करणं, कायमचा ओळख क्रमांक देणं, मजकूर वर्षानुवर्षं सर्व्हरवर ठेवणं यांना खर्च येतो. पण एल्सेव्हियर ही जर्नल्सची मोठी प्रकाशक कंपनी ज्या समूहाची आहे, त्याच्या विज्ञान आणि वैद्यक प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे किंमत खर्चावरून ठरते असं म्हणता येत नाही. ती ठरते दुसऱ्या पर्यायाच्या अभावावरून. ‘अ’ निबंध महाग आहे म्हणून ‘ब’ वाचून भागत नाही, कारण ‘अ’मधलं निरीक्षण फक्त ‘अ’मध्येच असतं.

## मग ६,००० कोटींत नेमकं काय विकत घेतलं?

वाचण्याची परवानगी, ठराविक लोकांसाठी, ठराविक मुदतीपुरती.

योजनेचा फायदा मोठा आहे. पूर्वी वेगवेगळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीतले दहा वेगवेगळे ग्रंथालय-गट प्रकाशकांशी वेगवेगळी बोलणी करत. आयआयटीला जे मिळायचं ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयाला मिळत नव्हतं. आता एकच करार आहे आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र तो राबवतं. वर्षाला २,००० कोटी आणि १ कोटी ८० लाख वापरकर्ते धरले तर माणशी खर्च वर्षाला साधारण १,१०० रुपये होतो. राज्य विद्यापीठातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला यामुळे जे मिळालं, ते त्याच्या आधीच्या पिढीला मिळालं नव्हतं.

पण बाहेर कोण राहिलं ते पाहा. खासगी विद्यापीठं आणि विनाअनुदानित खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि महाराष्ट्रात शिक्षणाचा केवढा भाग अशा संस्थांवर चालतो हे वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर नाहीत. एमआयडीसीतला छोटा औषधनिर्माता नाही. पत्रकार, वकील, निवृत्त प्राध्यापक, स्वयंसेवी संस्था, दुर्मीळ आजार झालेल्या मुलाचे आईवडील, यांतलं कुणीच नाही. पुढच्या टप्प्यांत खासगी संस्था आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांमधून सर्वांना प्रवेश, असा आराखडा मांडला गेला आहे. पाचव्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष धोरणाचा मसुदा २०२० च्या अखेरीस आला, त्यात तर प्रत्येक भारतीयाला जर्नल्स वाचता यावीत असं स्पष्ट म्हटलं होतं. प्रत्यक्षात आलेली योजना त्याहून बरीच लहान आहे.

दुसरी अडचण मुदतीची. डिसेंबर २०२७ ला करार संपतो, तेव्हा पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा पैसे. तिसरी अडचण दिशेची. या करारामुळे भारतीयांना जगाचं संशोधन वाचता येतं, पण भारताचं संशोधन जगाला खुलं होत नाही. पुण्यात झालेला निबंध नेपाळमधल्या डॉक्टरसाठी बंदच राहतो.

## ओपन ॲक्सेस म्हणजे काय आणि त्याच्या वाटा किती?

बुडापेस्ट इथे झालेल्या बैठकीतून फेब्रुवारी २००२ मध्ये एक जाहीरनामा निघाला आणि तिथून ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्दप्रयोग रुळला. अर्थ साधा आहे: निबंध इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता, उतरवून घेता आणि लेखकाचं श्रेय राखून पुन्हा वापरता यावा. तिथे पोचायच्या मुख्य वाटा तीन.

पहिलीत जर्नल वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतं. या शुल्काला ‘एपीसी’ म्हणतात. वाचक सुटतो, पण ओझं संशोधकावर येतं. ‘नेचर’ने २०२१ पासून हा पर्याय दिला तेव्हा एका निबंधाचं शुल्क ९,५०० युरो ठेवलं होतं, तेव्हाच्या दराने जवळपास साडेआठ लाख रुपये. जेआरएफ ही संशोधक विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे एका निबंधाच्या शुल्कात एका संशोधक विद्यार्थ्याचे तेवीस महिने निघतील. नव्या योजनेत निवडक जर्नल्समधल्या एपीसीसाठी वर्षाला १५० कोटी रुपये वेगळे ठेवल्याचं सांगितलं गेलं. एका निबंधाला सरासरी दोन लाख धरले तर ते ७,५०० निबंधांना पुरतील. भारतातून दर वर्षी दोन लाखांहून अधिक निबंध प्रसिद्ध होतात. गरीब देशाने ही वाट मुख्य वाट म्हणून धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरीत जर्नल वाचकाकडूनही घेत नाही आणि लेखकाकडूनही नाही. खर्च विद्यापीठ, विज्ञानसंस्था किंवा सरकार उचलतं. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं सायेलो हे खुल्या जर्नल्सचं जाळं याचं मोठं उदाहरण. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्स आणि १९३२ पासून निघणारं ‘करंट सायन्स’ अनेक वर्षं असंच वाचायला मिळत आलं आहे.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लेखक हव्या त्या जर्नलमध्ये छापतो, पेवॉल असलेल्यातही. फक्त निबंधाची एक प्रत आपल्या संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवतो. या भांडाराला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) असं भांडार २००२ च्या सुमारास सुरू झालं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचंही आहे. त्यासाठी लागणारी ईप्रिंट्स आणि डीस्पेस ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. खर्च उरतो तो सर्व्हरचा, बॅकअपचा आणि नोंदी तपासणाऱ्या एखाद्या ग्रंथपालाच्या पगाराचा.

## कुठली प्रत ठेवायची? इथेच घोळ होतो

एका निबंधाच्या तीन अवस्था असतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

पहिली, जर्नलकडे पाठवलेली मूळ प्रत, म्हणजे ‘प्रीप्रिंट’. तिची अजून तपासणी झालेली नाही. ती खुली ठेवायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते.

दुसरी, तपासणीनंतर दुरुस्त्या करून स्वीकारली गेलेली लेखकाची अंतिम प्रत. मजकूर पूर्ण, निष्कर्ष पक्के, पण दिसायला साधी वर्ड फाइल: दोन ओळींमध्ये मोकळी जागा, आकृत्या शेवटी, जर्नलचं बोधचिन्ह नाही. तिला ‘स्वीकृत प्रत’ म्हणू. भांडारासाठी हीच महत्त्वाची, कारण विज्ञानाच्या दृष्टीने ती छापील निबंधाइतकीच पूर्ण असते आणि बरेच प्रकाशक ती खुली करू देतात. मात्र अनेकदा ६, १२ किंवा २४ महिने थांबायची अट असते. या थांबण्याच्या मुदतीला ‘एम्बार्गो’ म्हणतात.

तिसरी, प्रकाशकाने मांडणी करून छापलेली पीडीएफ. पेवॉलवाल्या जर्नलची ही फाइल प्रकाशकाची असते आणि परवानगीशिवाय भांडारात ठेवता येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? निबंध प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराने ग्रंथपाल प्रत मागतो. शास्त्रज्ञाकडे छापलेली पीडीएफ असते, तीच तो पाठवतो. ग्रंथपाल ती चढवू शकत नाही, आणि चढवली तर प्रकाशकाकडून काढून टाकण्याची नोटीस येते. स्वीकृत प्रत शोधायला जावं तर ती ज्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर होती तो पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, परदेशात गेलेला असतो. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘फायनल-सरांच्या दुरुस्त्या’ अशा तीन फाइली असतात आणि यातली नेमकी कुठली स्वीकारली गेली हे कुणालाच सांगता येत नाही. नोंद तिथेच राहते.

यावर उपाय एकच: ज्या दिवशी ‘स्वीकारलं’ असा मेल येतो त्या दिवशीच फाइल भांडारात टाकायची. आधी ओपन पॉलिसी फाइंडर या मोफत सेवेवर (हिचं जुनं नाव शेर्पा रोमिओ) जर्नलचं नाव टाकून परवानगी आणि एम्बार्गो पाहायचा. मग फाइलच्या पहिल्या पानावर जर्नलचं नाव आणि ‘स्वीकृत प्रत’ असं लिहायचं. भांडाराच्या फॉर्ममध्ये सगळे लेखक, अनुदान देणारी संस्था आणि प्रकल्प क्रमांक भरायचा, कारण हा क्रमांक नसेल तर ‘या अनुदानातून काय निघालं’ हे पुढे शोधता येत नाही. छापून आल्यावर डीओआय, म्हणजे निबंधाचा तो कायमचा ओळख क्रमांक, जोडायचा. एम्बार्गो असेल तर खुली होण्याची तारीख आधीच टाकून ठेवायची, त्या दिवशी सॉफ्टवेअर फाइल आपोआप उघडतं. तोवरही शीर्षक आणि गोषवारा दिसतो. शेजारी ‘प्रत मागवा’ असं बटण देता येतं, ते दाबलं की लेखकाला मेल जातो आणि तो एका क्लिकमध्ये प्रत पाठवू शकतो. सगळं मिळून काम पंधरा-वीस मिनिटांचं.

## भारतात असा नियम नाही का?

आहे, आणि जुना आहे. सीएसआयआरने २०११ मध्ये, आयसीएआरने २०१३ मध्ये असं धोरण जाहीर केलं. डिसेंबर २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग यांनी संयुक्त धोरण आणलं. त्यानुसार २०१२-१३ पासून त्यांच्या पैशातून झालेल्या कामाचे निबंध भांडारात ठेवणं अपेक्षित आहे आणि एम्बार्गो जास्तीत जास्त एक वर्षाचा. एपीसीचा भार विभाग उचलणार नाहीत, हेही त्यात होतं. आणि एक फार चांगलं तत्त्व होतं: कामाचं मोल ते कुठल्या जर्नलमध्ये आलं यावरून न ठरवता कामाच्या गुणवत्तेवरून ठरवावं.

कागदावर काहीच कमी नाही. अंमलबजावणी मात्र तुटपुंजी राहिली, कारण प्रत न ठेवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

याच देशात उलटं उदाहरण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २००९ च्या नियमांत पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणं बंधनकारक केलं. ते ठेवण्यासाठी इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली आणि आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. शोधनिबंधांच्या बाबतीत हरलेली व्यवस्था प्रबंधांच्या बाबतीत जिंकली, कारण प्रबंधाची प्रत पदवी देण्याच्या प्रक्रियेलाच जोडलेली आहे.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने हीच गाठ निबंधांसाठी मारली. तिथे २००७-०८ च्या सुमारास कुलगुरू बर्नार रेंतिए यांनी ठरवलं की बढती आणि मूल्यमापनात विद्यापीठाच्या भांडारात असलेले निबंधच मोजले जातील. कुणालाही दंड केला नाही, कुणाच्या मागे लागावं लागलं नाही. बहुतेक सगळे निबंध भांडारात यायला लागले.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही. अनुदानाचा पुढचा हप्ता मागताना संशोधकाला उपयोगिता प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल द्यावाच लागतो. त्या अहवालात प्रसिद्ध निबंधांची यादी असते. प्रत्येक निबंधासमोर भांडारातल्या प्रतीची लिंक लिहा, लिंक नसेल तर तो निबंध प्रकल्पाचं फलित म्हणून धरला जाणार नाही, एवढी ओळ छापील नमुन्यात घातली तरी वर्षभरात चित्र पालटेल.

शोधगंगेतही एक उणीव आहे आणि ती मराठीला जास्त भोवते. मराठीतले कितीतरी प्रबंध नुसते स्कॅन करून चढवलेले आहेत किंवा युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाला ते चित्र किंवा निरर्थक अक्षरं वाटतात. त्यामुळे ‘गावगाडा’ असा शब्द टाकून शोधलं तर तो शब्द शंभरदा वापरलेला प्रबंधही सापडत नाही. विद्यापीठांनी मूळ युनिकोड फाइल मागितली तर इथून पुढच्या प्रबंधांचं तरी हे नुकसान थांबेल.

## ‘सामान्य माणसाला शोधनिबंध कळणार आहे का?’

सगळ्यांना सगळे कळणार नाहीत. पण प्रश्न तसा विचारणंच चूक आहे. फिजिशियनला मधुमेहावरचा निबंध कळतो, कृषी पदवीधराला बुरशीनाशकांवरचा, सिव्हिल इंजिनिअरला काँक्रीटवरचा, आणि यांतले बहुतेक लोक विद्यापीठाबाहेर काम करतात. त्यांनी वाचलं की त्यांच्यामार्फत ते आपल्यापर्यंत येतं.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. खुल्या निबंधांवर अनेकदा ‘सीसी बाय’ हा परवाना असतो. लेखकाचं नाव दिलं की त्याचं भाषांतर करायला, आकृती वापरायला, त्यावरून माहितीपुस्तिका करायला वेगळी परवानगी लागत नाही. पेवॉलमागच्या निबंधाचं मराठी भाषांतर छापायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. मराठी विश्वकोशाचे खंड आज इंटरनेटवर कुणालाही उघडता येतात आणि शाळकरी मुलांपासून अभ्यासकांपर्यंत सगळे त्यांचा वापर करतात. सरकारी खर्चाने तयार झालेलं ज्ञान खुलं केलं की त्याचा उपयोग होतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

## ‘मोफत म्हणजे हलक्या दर्जाचं नाही का?’

या शंकेमागे खरा अनुभव आहे. पैसे घेऊन, तपासणी न करता काहीही छापणारी जर्नल्स भारतात भरपूर आहेत. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या सुमारे हजार जर्नल्सची पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी छाननी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले: ८८ टक्के जर्नल्स सुमार दर्जाची असू शकतात. त्यानंतर यूजीसी-केअर ही नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली.

मात्र हा रोग ‘जितके निबंध तितके गुण’ या बढतीच्या हिशोबाचा आहे. वाचकाला मोफत मिळण्याशी त्याचा संबंध नाही. भांडाराच्या वाटेत तर दर्जाचा प्रश्नच येत नाही, कारण निबंध त्याच जर्नलने, त्याच तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला असतो.

## ‘प्रकाशक बुडाले तर जर्नल्स कोण काढणार?’

भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून आपले निबंध आरकाइव्ह या खुल्या संग्रहात ठेवत आले आहेत आणि भौतिकशास्त्राची जर्नल्स आजही चालू आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २००८ मध्ये आपल्या पैशातून झालेले निबंध बारा महिन्यांत खुले करणं बंधनकारक केलं. प्रकाशक बुडाले नाहीत. १ जुलै २०२५ पासून तिथे बारा महिन्यांची सवलतही संपली, स्वीकृत प्रत प्रसिद्धीच्या दिवशीच खुली करावी लागते. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाची साथ पसरताना मोठ्या प्रकाशकांनी त्या विषयावरचे निबंध स्वतःहून उघडले, कारण बंद ठेवल्याने माणसं मरतील हे सगळ्यांना दिसत होतं. क्षयरोग आणि सर्पदंश यांनाही तेच लागू आहे.

## ‘पेटंट आणि देशाची गुपितं?’

ओपन ॲक्सेसचा नियम फक्त त्या कामाला लागू होतो जे लेखकाने जर्नलमध्ये छापायचं स्वतः ठरवलं आहे. संरक्षणाचं गुप्त काम जर्नलमध्ये येतच नाही. पेटंटचा क्रम मात्र पाळावा लागतो: आधी अर्ज, मग निबंध. निबंध आधी प्रसिद्ध झाला तर शोध नवा राहत नाही आणि पेटंट हातचं जातं. पेवॉलमागे छापला तरीही जातंच, त्यामुळे खुलेपणाने यात नवा धोका येत नाही.

## कायद्यातली एक ओळ

लेखकाने हक्क लिहून दिले की भांडारात प्रत ठेवायला तो प्रकाशकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो. जर्मनीने हे ओळखून आपल्या कॉपीराइट कायद्यात १ जानेवारी २०१४ पासून एक कलम घातलं: किमान निम्म्या सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावरचा निबंध वर्षातून किमान दोनदा निघणाऱ्या नियतकालिकात आला असेल, तर बारा महिन्यांनी त्याची स्वीकृत प्रत बिगरव्यापारी हेतूने खुली करण्याचा लेखकाला हक्क आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. नेदरलँड्सने २०१५ मध्ये असंच कलम केलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं कलम नाही आणि ते यायला हवं. एकटा संशोधक सही करताना प्रकाशकाशी भांडू शकत नाही, कायदा त्याच्या वतीने भांडू शकतो.

वाटाघाटीतही हे बळ कामी येतं. जर्मन विद्यापीठांचं एल्सेव्हियरशी जमेना तेव्हा अनेकांनी करार संपू दिले, २०१८ मध्ये नव्या निबंधांचा प्रवेश तुटला आणि पुढची काही वर्षं त्यांनी भांडारातल्या प्रती, लेखकांकडून मागवलेल्या प्रती आणि ग्रंथालयांची आपसातली देवाणघेवाण यांवर काढली. २०२३ मध्ये नवा करार झाला. ज्याच्याकडे दुसरी वाट आहे तोच टेबलावरून उठू शकतो. २०२७ च्या अखेरीस भारत पुन्हा प्रकाशकांसमोर बसेल, तेव्हा भारतीय लेखकांचे निबंध करारातच खुले करून घेणं, जिल्हा ग्रंथालयातल्या संगणकावर कुणाही नागरिकाला वाचता येणं आणि प्रत्येक प्रकाशकाला किती पैसे दिले ते जाहीर करणं, एवढ्या तीन अटी तरी भारताने मागायला हव्यात.

## तोवर बंद निबंध कायदेशीरपणे कसा मिळवायचा?

गुगल स्कॉलरवर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. उजव्या बाजूला पीडीएफची लिंक दिसली नाही तर खाली ‘सर्व आवृत्त्या’ दाबा, अनेकदा भांडारातली प्रत तिथे लपलेली असते. अनपेवॉल हे मोफत एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं तर निबंधाच्या पानावर त्याची खुली प्रत कुठे आहे ते आपोआप दिसतं. वैद्यकीय विषय असेल तर पबमेड सेंट्रल पाहा, शेतीचा असेल तर आयसीएआरचं कृषिकोश.

तिथेही नसेल तर पहिल्या लेखकाचं नाव शोधगंगेत टाका. पीएचडीच्या कामातून निघालेला निबंध बहुधा प्रबंधातलं एक प्रकरण असतो आणि तिथे आकडेवारी जास्त तपशिलाने दिलेली असते. तुम्ही सरकारी महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालाकडून घरून वापरायचं लॉगिन मागून घ्या. ते मिळतं हेच अनेकांना माहीत नसतं. साय-हबसारख्या चोरट्या साइट्सवर विसंबू नका. साय-हबवर प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती भारतात बंद करण्याचा आदेश झाला.

शेवटचा उपाय सरळ लेखकालाच लिहिण्याचा. गोषवाऱ्याच्या पानावर, पेवॉलच्या बाहेरच, एका लेखकाचा ईमेल दिलेला असतो, नावापुढे पाकिटाची खूण असते. दोन ओळी पुरतात: निबंधाचं शीर्षक आणि तो कशासाठी हवा आहे ते. बहुतेक प्रकाशक लेखकाला अशी वैयक्तिक प्रत पाठवू देतात. छापलेली पीडीएफ पाठवायला लेखक कचरत असेल तर स्वीकृत प्रत मागा, आणि त्याच मेलमध्ये ती संस्थेच्या भांडारात ठेवण्याची विनंतीही करा.